दुसरं तोंड

टक्.

फडताळाचं दार मिटल्याचा एवढासा आवाज. पण दुपारच्या त्या गच्च शांततेत तो कुणी कानाशी चुटकी वाजवावी तसा आला, आणि मी साखरेचा डबा हातात धरून जागच्या जागी उभी राहिले. आतल्या खोलीत ब्रुनोचा श्वास अडखळला. एक घरघर, मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीमध्ये मी नेहमी माझाही श्वास धरून ठेवते, जणू मी घेतला तर त्याला कमी पडेल. मग पुन्हा सुरू झाला, चोंदलेल्या नाकातून, बारीक शिट्टीसारखा. झोपला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. जेवणानंतरच्या या वेळात अख्खं कोर्दोबा शहर शटर ओढून, चपला काढून आडवं झालेलं असतं, आणि ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्या बाया तेवढ्या टक्क जाग्या असतात. दानिलो कामावर, रेनाता बालवाडीत. माझं सगळं आयुष्य सध्या या दुपारच्या फटीत बसवलेलं आहे. मी डबा खाली ठेवला आणि एका बोटाने फडताळाचं दार पुन्हा हळूच ओढलं. आधी काहीच होत नाही. दाराच्या कडेचा लोहचुंबक हट्टाने धरून बसतो. ओढ वाढते, तरी धरून बसतो. आणि मग एका क्षणी सोडतो तो पुरता सोडतो, जणू त्या दाराशी त्याचं कधी काही नव्हतंच. मी दार मिटलं. टक्. उघडलं. मिटलं. इतकी वर्षं रोज दहादा उघडलेलं दार, आणि बोटाला आज कळत होतं की ते कसं उघडतं. स्प्रिंग नको, मी स्वतःशी म्हणाले, स्प्रिंग नकोच मुळी. स्प्रिंगचा स्वभाव कुरकुर्‍या माणसासारखा. थोडी ओढ लागली की थोडी उघडणार, इंजिनाच्या थरथरीबरोबर दिवसभर फडफडत राहणार, आणि त्या फटीतून धूळ आत घेणार. मला हवी होती अशी झडप, जी एरवी भिंतीसारखी बंद राहील आणि वेळ आली की वाद न घालता उघडेल. मी खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि लोहचुंबक सोडवून घेतला. दार हळूच कलंडून उघडं पडलं. आतली रव्याची पाकिटं, माते या आमच्या कडवट चहाच्या पाल्याचा पुडा, सगळे उघडे पडल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

टेबलावर, ब्रुनोच्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, विमानाची हवापेटी होती. आमच्या विमानाच्या नाकाखाली एक तोंड आहे, दोन मुठी मावतील एवढं. त्यातून हवा आत येते, फिल्टरमधून गाळली जाते, या पत्र्याच्या पेटीत जमते आणि तिथून इंजिन ती ओढून घेतं. एकच तोंड. ते बुजलं तर टाकीत पेट्रोल कितीही असो, इंजिन गुदमरतं. कारखान्यातून येणार्‍या विमानांना बहुधा अशा वेळेसाठी एक आडवाट ठेवलेली असते. आमचं विमान घरी बांधलेलं. माझ्या वडिलांनी त्याला पंख दिले, दानिलोने, माझ्या नवर्‍याने, एका जुन्या गाडीचं इंजिन दिलं, आणि आडवाट द्यायची राहून गेली. ती आता मी देणार होते. पेटीच्या कुशीत एक चौकोनी भोक, त्याला आतून झडप. भोक उघडणार इंजिनावरच्या टोपणाच्या आत, जिथे पाऊस पोचत नाही, कचरा पोचत नाही, नुसती उबदार हवा असते. समोरचं तोंड बुजलं की इंजिन या कुशीतून श्वास घेईल. पत्र्याचं काम मला येतं. रजेवर जाण्याआधी मी मोठ्या इमारतींच्या हवानळ्या बनवणार्‍या कारखान्यात होते, आणि रजा संपल्यावर पुन्हा तिथेच जाईन. कुणाच्या ऑफिसात गार हवा कुठल्या कोपर्‍यातून यावी हे मी रोज ठरवत होते. स्वतःच्या नवर्‍याला ती कुठून यावी हे मात्र कधी माझ्या मनात आलं नव्हतं. येत्या रविवारी दानिलो रेनाताला पहिल्यांदा वर नेणार होता. आमच्या रेनाताला, जी झोक्यावरसुद्धा ‘अजून वर, अजून वर’ म्हणते. मी सांगून टाकलं होतं, दुसरं तोंड बसेपर्यंत माझी मुलगी त्या विमानात पाय ठेवणार नाही. आणि तूही नाही.

“सुकडे, एकदा झालं ते. एकदा!” दानिलो नळीतून माते ओढत म्हणाला होता. लग्नाआधी मी काडीसारखी होते तेव्हापासून मी सुकडी. दोन बाळंतपणं झाली, नाव तेच. “आता उडायच्या आधी आत हात घालून बघत जाईन. संपलं. हाताला वजन नाही, हात बिघडत नाही.”

“आणि वर गेल्यावर? तिथून घालशील हात?”

“वर काय अडकणार आहे? कबूतर?”

“मागे अडकलं होतं ना काहीतरी.”

“मागे पाववाले अडकले. धावपट्टीच्या कडेचं सगळं रान कापून घेतलंय आता. तुझ्या नवर्‍याने अख्ख्या फ्लाइंग क्लबला रान कापायला लावलंय, आहेस कुठे! अध्यक्षसुद्धा घामाने निथळत होता.” मग माझ्या चेहर्‍याकडे बघून त्याने माते भरून माझ्यापुढे सरकवला. “बरं, कर बाई. तुझं ते दुसरं तोंड कर. पण रविवार रविवारच राहील. मी पोरीला कबूल केलंय.”

पाववाले. उन्हाळा भरात आला की माळावरच्या काटेरी झुडपांची जांभळी फुलं वाळून फुटतात आणि त्यांच्या म्हातार्‍या हवेत सुटतात, पांढर्‍या, वजन नसलेल्या, कुठे जायचं ते न ठरवलेल्या. आमच्याकडे त्यांना पाववाले म्हणतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. अंगाला पीठ लागल्यासारखे दिसतात म्हणून असेल. मुलं त्यांना अलगद मुठीत धरतात, ओठांशी नेऊन काहीतरी मागतात आणि फुंकर मारून सोडून देतात. मीही मागितलं आहे. लहानपणी मी एकच गोष्ट मागायचे, की माझ्या वडिलांनी दिवसा जागं राहावं. कारण माझे वडील खरोखरचे पाववाले होते. एल्व्हियो पाववाला म्हटलं की आमच्या वस्तीत कुणीही आमच्या दारापर्यंत आणून सोडलं असतं. ते रात्रभर घरामागच्या भट्टीवर, सकाळी लोकांच्या घरी ऊन ऊन क्रिओयितो पाव पोचलेले, पापुद्रे सुटलेले, खारट, चरबीचा वास असलेले, आणि वडील मात्र पडदे ओढून झोपलेले. पुढे मी मोठी झाले तेव्हा त्यांनी झोपेतून दुपार कापून घेतली. पण ती मला नाही दिली, विमानाला दिली. ज्या लांब लाकडी टेबलावर कणीक मळायची त्याच टेबलावर त्यांनी पंखांच्या फासळ्या जुळवल्या. पंखाच्या आत कुठेतरी, कापडाखाली, आजही पीठ असेल. मी त्यांच्या हाताखाली चिमटे धरायला उभी राहायचे, आणि ते बोलायचे नाहीत, गुणगुणायचे. मला वाटायचं हे बोलणंच आहे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. विमान तोवर उडायला लागलं होतं. ते स्वतः त्यात एकदाच बसले, डोळे मिटून. खाली उतरल्यावर म्हणाले, “आवाज बरा आहे.” बस्स.

ते झालं त्या रविवारी, भर उन्हाळ्यात, माझ्या पोटात ब्रुनो होता. पाय सुजून पाव झालेले, मी क्लबच्या झाडाखाली दोन खुर्च्या अडवून बसले होते. मांस भाजल्याचा धूर, हँगरची दारं सताड उघडी, पोरं विमानांच्या पंखांखालून पळतायत आणि हवेत पाववालेच पाववाले, कोशिंबिरीत पडताहेत, पेल्यात पडताहेत. जेवण झाल्यावर दानिलो ‘एक चक्कर’ म्हणून एकटाच गेला. डोंगरावर ढग उतरले होते, तिकडे थोडी भुरभुर असावी. मग बराच वेळ विमानाचा आवाज नाही. कुणी गिटार काढली. माझ्या आत ब्रुनो एकदम फिरला, मासा वळावा तसा, आणि मी उगाचच उठून उभी राहिले. फोन आला तेव्हा दानिलोचा आवाज अगदी रोजचा होता. “सुकडे, मी एका शेतात आहे. घासाच्या. विमान बरं आहे, मी बरा आहे. एक घोडा माझ्याकडे बघतोय, त्याला काय सांगू?” सगळे हसले. मीही हसले. माझे हात मात्र हसेनात. दुसर्‍या दिवशी विमान हँगरमध्ये आणल्यावर त्याच हातांनी मी त्याचं नाक उघडलं, कारण घरात पत्र्याला हात लावायचा तो मीच. फिल्टरवर भिजलेल्या पाववाल्यांचा थर बसला होता, दाबून दाबून घोंगडी व्हावी तसा. कोरडे असताना त्यांनी थोडी हवा जाऊ दिली असेल. भुरभुर लागली तशी घोंगडी झाली. दानिलोने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, “बघ! बघ! मी या अध्यक्षाला किती वेळा सांगितलं की रान वाढलंय!” आणि फोनवर ओरडायला बाहेर गेला. मी तो थर नखाने सोलला. आत क्रिओयितोचा चुरा होता. आणि त्याच्याही आत, पाववाल्यांच्या घट्ट बांधलेल्या जुडीला गुंडाळलेलं, रेनाताच्या केसांचं निळं रबर.

काही गोष्टी कळायला वेळ लागत नाही. त्या आत शिरायला लागतो. मी रबर खिशात टाकलं, बाकीचं कचर्‍यात. संध्याकाळी रेनाताला आंघोळ घालताना, तिच्या केसांवर पाणी ओतता ओतता, मी अगदी सहज विचारलं, “काल क्लबवर विमानाला काही खायला दिलंस का गं?”

“विमान कुठे खातं!” ती माझ्या अडाणीपणाला हसली.

“मग कुणाला दिलंस?”

“पाववाल्यांना. वाटेत भूक लागली तर.”

“कुठल्या वाटेत?”

तिने डोळ्यांतलं पाणी पुसून माझ्याकडे पाहिलं. “वरच्या. तूच म्हणालीस ना, आजोबा वर गेले? मग ते खाली का फिरतायत? मी किती दिवस बघतेय. एवढे सगळे! त्यांना रस्ता मिळत नाहीये. म्हणून मी त्यांना बाबाच्या विमानात बसवलं. खाली तोंड आहे ना, तिथून. रबर लावलं, म्हणजे सुटे होणार नाहीत.”

मी पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी ओतत राहिले. “छान केलंस,” माझ्या तोंडून निघालं. दुसरं काय निघणार? तिने आजोबांना नीट बांधून, शिदोरी देऊन घरी पाठवलं होतं. त्या घरी पाठवण्यात तिचा बाप एका शेतात घोड्यासमोर उतरला होता, आणि उतरला नसता तर काय, हे वाक्य मी आजवर मनातसुद्धा पूर्ण केलेलं नाही. दानिलोला सांगितलं नाही. तो रागावला असता म्हणून नव्हे. दानिलोला राग येतच नाही, हीच अडचण आहे. तो पोट धरून हसला असता. तिला उचलून गरगर फिरवलं असतं, आणि पुढच्या रविवारी धुराच्या कडेने ती गोष्ट सगळ्यांना सांगितली असती, घोड्यासकट. मग कुणीतरी तिला नाव ठेवलं असतं. आमच्या कोर्दोबात माणसाला एकदा नाव पडलं की ते थडग्यापर्यंत सोबत जातं. क्लबचा म्हातारा मेकॅनिक ओरेस्ते, त्याचा भाऊ लहानपणी एकदा विहिरीत पडला. आज त्या भावाला नातवंडं आहेत, आणि तो अजून बेडूकच आहे. पोस्टमनसुद्धा ‘बेडूकसाहेब’ म्हणतो. सगळे प्रेमाने म्हणतात. प्रेमानेच तर म्हणतात! माझ्या मुलीला कुणी आयुष्यभर प्रेमाने बापाला पाडणारी म्हणू नये. एक दिवस तिला त्या नावाचा अर्थ कळेल, बारा-तेरा वर्षांची असताना, हसणार्‍या लोकांच्या मधोमध, आणि त्या वेळी मी तिच्याजवळ असेनच असं नाही.

म्हणून दानिलोचं ‘आत हात घालून बघत जाईन’ मला पुरत नव्हतं. त्याला वाटत होतं की कारण रान होतं आणि रान कापलं गेलं. मला कारण माहीत होतं, आणि ते कापता येण्यासारखं नव्हतं. मुलं प्रेमाने काय कुठे ठेवतील याच्यावर पहारा ठेवता येत नाही. दुसरं तोंड ठेवता येतं. आणि ते काही मी शोधून काढलेलं नाही. वडिलांच्या भट्टीला होतं. खालच्या झरोक्यात ओली राख बसली की भट्टी आधी कण्हायची, मग धूर माघारी फिरायचा, आणि वडील गुणगुणणं न थांबवता कुशीतला लोखंडी दरवाजा आकड्याने उघडायचे. हू करून हवा आत जायची. राख नंतर काढता येते, ते म्हणायचे, आधी तिला श्वास घेऊ दे. मला ते ब्रुनोमुळे आठवलं. या हिवाळ्याची पहिली सर्दी त्याला अशी बसली की पिता पिता तो मध्येच दूध सोडून द्यायचा, लाल व्हायचा, आणि मी घाबरून त्याला उभं धरायचे. दवाखान्यातली नर्स रबराच्या फुग्याने त्याचं नाक ओढत म्हणाली, “एवढ्याशा पोरांना तोंडाने श्वास घ्यायचा असतो हे ठाऊकच नसतं, ताई. नाक बंद झालं की आधी चिडतात, मग रडतात. रडायला तोंड उघडतं, आणि मग कळतं, अरेच्चा, इकडूनही हवा येते की.” मी घरी येईपर्यंत बसमध्ये तेच वाक्य मनात घोळवत होते. रडायला तोंड उघडतं. माझ्या बाळाची आडवाट त्याच्या रडण्यात ठेवलेली होती, आणि मी मेली रोज ते रडणं थांबवायला धावत होते.

पहिली झडप मी चुकवली. रताळ्याच्या वडीचा गोल डबा असतो त्याच्या झाकणाची, नुसती अंदाजासाठी केलेली, आणि ती बाहेरच्या बाजूला उघडत होती. घरातली सगळी दारं माझ्याकडे उघडतात, फडताळाचं, भट्टीचं, कपाटाचं. हाताला तीच सवय. व्हॅक्युम क्लीनरची नळी पेटीला लावली, पुढचं तोंड तळव्याने दाबलं, आणि यंत्र किंचाळायला लागलं तरी झडप उघडेना. जितकी ओढ जास्त तितकी ती भोकावर घट्ट बसत होती. ब्रुनो जागा होऊन रडायला लागला. मी त्याला छातीशी घेऊन खुर्चीत बसले आणि त्याचं नाक बघत राहिले. प्रत्येक श्वासाला त्याच्या नाकपुड्या आत ओढल्या जात होत्या, पातळ, पारदर्शक. आत. श्वास घेणारा बाहेर ढकलत नाही, आत ओढतो. दार त्याच्याकडे उघडायला हवं, माझ्याकडे नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती माझ्या उंबर्‍यावरून बघत होते. दुसरी झडप मी जुन्या वॉशिंग मशिनच्या पोलादी पत्र्याची कापली, कडा कानसून गुळगुळीत केल्या, कडेभर लांब बिजागरी लावली आणि तिच्या सळईची दोन्ही टोकं वळवून टाकली, म्हणजे ती थरथरीने सरकत बाहेर येणार नाही. ती आत उघडली. पण तिला मिटलेलं ठेवायला लावलेल्या स्प्रिंगमुळे ती फडफडत राहिली, आणि मी दोन आठवडे त्या फडफडीशी भांडत होते, तोवर फडताळाचं दार टक् म्हणालं.

लोहचुंबक मी पेटीच्या बाहेरच्या अंगाला बसवला. हे मला वाटतं मी आईपणात शिकले, कारखान्यात नव्हे. तान्ह्याभोवतीची प्रत्येक वस्तू मी एकाच नजरेने बघते, हे सुटलं तर कुठे जाईल? तोंडात? फिल्टरच्या पुढे, पेटीच्या आत जे सुटेल ते थेट इंजिनाच्या घशात जाणार. म्हणून आत फक्त झडप आणि बिजागरी. नट बाहेर, लोहचुंबक बाहेर, शिवाय दानिलोला हाताने उघडता यावी म्हणून ओढायची केबल, तिचं टोकही बाहेर. प्रत्येक नटाला तारेने बांधलं. तार पिळताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. “फडताळ उघडं का टाकलंय?” दानिलो संध्याकाळी ओरडला. “साखरेला मुंग्या लागल्यात, सुकडे! तुझ्या विमानाला दोन तोंडं आणि माझ्या चहाला मुंग्या!” मी म्हटलं, मुंग्या काढून पी. रविवारनंतर बघू.

शनिवारी दुपारी वडिलांच्या जुन्या भट्टीच्या खोलीत, त्याच कणकीच्या टेबलावर, पेटी मांडली. खिडकीतून हिवाळ्याचं तिरपं ऊन. ब्रुनो टोपलीत, नाक मोकळं झालेला, छताकडे बघत. ओरेस्ते आला. त्याने मान डोलावल्याशिवाय क्लबवर रविवारी काही उडत नाही. दारातूनच म्हणाला, “काय गं पोरी, विमानाला दुसरं तोंड? अगं, संसारी माणसाला एका तोंडानेच जेरीला आणलेलं असतं!”

“म्हणून तर एक बुजवून ठेवतात आणि घासाच्या शेतात उतरतात,” मी म्हटलं.

दानिलोने हात जोडले. “ओरेस्ते, तू नको बोलूस. मी बोलून बघितलंय.”

म्हातार्‍याने चष्मा चढवला आणि थट्टा खिशात ठेवली. एकेका नटावर बोट ठेवून तो विचारत गेला, “हा सुटला तर कुठे पडेल?” मी म्हणाले, बाहेर. “हा?” बाहेर. “हा लोहचुंबक?” बाहेर. “बिजागरीची सळई?” सुटत नाही, टोकं वळवलीत. त्याने नखाने टोकं चाचपली, मग आत टॉर्च मारली आणि बराच वेळ बघत राहिला. “एल्व्हियोच्या भट्टीचा दरवाजा,” तो हळूच म्हणाला. “त्याचीच पोरगी.” मला एकदम दुसरीकडे बघावं लागलं.

दानिलोने व्हॅक्युम क्लीनर सुरू केला. पेटीच्या तोंडावर तळवा ठेवला. आवाज बारीक होत गेला, चढत गेला, घशात काही अडकल्यासारखा झाला, आणि मग टक्. झडप आत गेली, आवाज पुन्हा जाड, मोकळा, सुखाचा. दानिलोने तळवा काढला, पुन्हा ठेवला. टक्. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा माणूस हरला की इतका देखणा दिसतो, मी विसरले होते. “बरं,” तो म्हणाला, “बरं, सुकडे. मानलं.” ओरेस्तेने मान डोलावली. झालं. उद्या उडायचं. माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं, महिनोन्‌महिने उचलून धरलेलं, आणि मी टेबलाला टेकले.

“मी! मी! मला करू दे!” रेनाता दानिलोच्या पायांतून घुसली. स्टुलावर चढून तिने दोन्ही तळवे तोंडावर दाबले, जीभ दातांत धरून. यंत्र किंचाळलं. टक्. ती इतकी हसली की ब्रुनोही टोपलीतून काहीतरी म्हणाला. पुन्हा. टक्. पुन्हा. टक्. मग हात तसेच दाबून धरून, मान वळवून तिने विचारलं, “पण बाबा, खरंखरं याचं तोंड कोण बंद करतं?”

“पाववाले!” दानिलो त्या आवाजावरून ओरडला. “दुसरं कोण? त्या दिवशी त्यांनीच तर तुझ्या बाबाला त्या घोड्यापाशी उतरवलं! गच्च तोंड बुजवून बसले होते गडी!”

रेनाताचे हात निघाले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, काही चिकटलंय का बघावं तसे.

“तिथेच बसून राहिले?” ती म्हणाली. “पण मी त्यांना नीट बसवलं होतं. रबर लावून.”

दानिलोचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या चेहर्‍यावर जे काही होतं ते त्याने वाचलं, कारण त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि यंत्र बंद झालं. झडप आपल्या वजनाने परत फिरली. टक्. ओरेस्ते उगाचच चष्मा पुसायला लागला. कुणी हसलं नाही. माझा हात खिशात होता, आणि बोटांना तेव्हापासून जवळ बाळगलेलं ते निळं रबर लागत होतं, ताणलेलं नसलं की किती लहान असतं ते.

रेनाता स्टुलावरून उतरली, माझ्याजवळ आली आणि माझी बाही धरून, टेबलाखाली, भट्टीकडे, छताकडे सगळीकडे नजर फिरवत तिने विचारलं, “आई, वर पोचले नाहीत, तर मग आजोबा आत्ता कुठे आहेत?”